तिकिटाचे अण्णा

गावातलं एखादं चांगलं काम पैशावाचून अडलं की दोन जातींची माणसं पुढे येतात. पहिली खिशात हात घालत विचारतात, "किती कमी पडतायत?" दुसरी खिशाला हातही न लावता म्हणतात, "एक नाटक लावू या." पहिली जात दुर्मीळ होत चालली आहे; दुसरीला महाराष्ट्रात मरण नाही. पुण्यात तिला नाना म्हणतात, डोंबिवलीत काका, आमच्या सांगलीत अण्णा. शाळेची भिंत पडू दे, देवळाचा कळस चढायचा राहू दे, पूर येऊ दे नाहीतर पाऊस दडी मारू दे, अण्णांकडे सगळ्यांवर मात्रा एकच आणि तीही तीन अंकी.

आमचे अण्णा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. अजूनही ते चांगल्या फरशीवर पाय फाकून, पाठ दाराच्या चौकटीला टेकवून उभे राहतात. खुर्ची दिली तर म्हणतात, "बसा तुम्ही, मला सवय आहे." कानावर पेन्सिल, काखेत चामड्याची झिजलेली पिशवी. तिकिटाची यंत्रं येण्याआधीचे ते वाहक. ट्रे, चिमटा आणि वेबिल यांच्यावर त्यांची हयात गेली. त्यामुळे समोर माणूस आला की अण्णांना त्याचा चेहरा आधी दिसत नाही, टप्पा दिसतो. हा दोनशेचा, हा तीनशेचा, हा बायकोला विचारून पाचशेचा. नमस्कार-चमत्कार नंतर.

आता एवढा नाटकवेडा माणूस म्हटल्यावर त्यानं किती नाटकं पाहिली असतील, असं तुम्हाला वाटेल. अण्णांनी आयुष्यात एकही नाटक पुरतं पाहिलेलं नाही. ते कायम दारावर.

गेल्या खेपेला निमित्त होतं आमच्या पेठेतल्या वाचनालयाचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची, म्हणजे बाकीचं बारा फूट पाणी गावात फिरायला मोकळं. वाचनालयाच्या खालच्या मजल्यावरची पुस्तकं भिजून अशी फुगली, की कप्प्यातून निघेनात. ऐतिहासिक कादंबऱ्या तर एकमेकींना इतक्या आवळून बसल्या, की शेवटी कपाटच फोडावं लागलं. 2021 ला पुन्हा पाणी आलं. मग ठरलं, की पुस्तकं वरच्या मजल्यावर न्यायची आणि त्यांच्यासाठी सहा लोखंडी रॅक घ्यायचे. एक रॅक बारा हजारांचा. वाचनालय 'ब' वर्गाचं. सरकारी अनुदान ग्रंथपालाचा पगार आणि नवी पुस्तकं यांतच संपतं. तेव्हा रॅकचे 72,000 रुपये आपले आपणच उभे करायचे होते. ठरल्यानंतर बैठक व्हायला दोनतीन वर्षं गेली, हे सार्वजनिक कामाच्या रीतीला धरूनच झालं.

बैठकीला चोवीस जण हजर होते. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कागदावर आकडा टाकला आणि म्हणाले, "सोपं आहे. डोक्यावर तीन हजार येतात. आत्ताच देऊन टाकू, विषय मिटला."

विषय नाही मिटला, बैठक मिटायची वेळ आली. कुणाला फोन आला, कुणाला गॅस बंद केल्याची खात्री वाटेना. तेवढ्यात दाराच्या चौकटीतून आवाज आला, "मी काय म्हणतो, एक नाटक लावू या."

तीन हजारांवरचं संकट टळल्याच्या आनंदात ठराव एकमतानं मंजूर झाला. खजिनदारांनी "नाटकाला खर्च येतो" एवढं म्हणायचा प्रयत्न केला, पण विरोधकाला अण्णा इतिहासानं गार करतात. सांगलीत इतिहासाला कमी नाही. "साहेब, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, ते ह्याच गावात. चिंतामणराव राजेसाहेब होते तोवर सगळा फुकट पास. 1851 ला ते गेले, आश्रय तुटला, आणि भाव्यांनी 1853 ला मुंबईत जाऊन तिकीट लावलं. तेव्हापासून मराठी नाटक तिकिटावर चाललंय. ते थांबवणारे तुम्ही कोण?" खजिनदार काहीच थांबवत नव्हते. पण अण्णा तोवर 1921 पर्यंत आले होते. "टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन कंपन्यांचे दोन वाघ, एका रंगमंचावर उभे राहिले. संयुक्त मानापमान. गंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. आणि नाटक कुणाचं? आपल्या सांगलीच्या खाडिलकरांचं! फंडाला गाणारे मुंबईत मिळाले, पण शब्द इथनं गेले."

स्वराज्याचा फंड आणि सहा रॅक यांच्यात फरक आहे, हे त्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

नाटक कुठलं करायचं, यावर पुढच्या तीन बैठका झाल्या. मुंबईहून व्यावसायिक नाटक कॉन्ट्रॅक्टवर आणावं, असं तरुण मंडळींचं म्हणणं. अण्णांनी ते उडवून लावलं : "त्यांची मंडळी येणार बसमधनं. एकाचा तरी मामा सांगलीत आहे का?" हा प्रश्न तेव्हा कुणाला कळला नाही, पण तीच अण्णांच्या नाट्यशास्त्राची गुरुकिल्ली होती. शेवटी आचार्य अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' ठरलं. त्यालाही अण्णांकडे दाखला तयार : डॉ. लागू, निळूभाऊ फुले अशा मंडळींनी ह्याच नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी जमवला. "त्यांनी अख्ख्या महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांची सोय केली, आपल्याला फक्त लोखंड घ्यायचंय."

दिग्दर्शन हायस्कुलातून निवृत्त झालेल्या मराठीच्या सरांकडे गेलं. राज्य नाट्य स्पर्धेतलं एक प्रमाणपत्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत फ्रेममध्ये आहे. सरांनी पात्रनिवडीसाठी एकेकाला उतारा वाचायला दिला. अण्णा शेजारी वही घेऊन उभे. सर कान देऊन 'श' आणि 'ष' ऐकत होते, अण्णा विचारत होते, "घरात माणसं किती? सासर कुठलं? भिशी आहे का?"

'रश्मी'साठी सरांनी कॉलेजातली एक मुलगी निवडली. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ, पाठांतर एका रात्रीत. पण मुलगी जतची, वसतिगृहात राहणारी.

"पोरगी गुणाची आहे हो सर," अण्णा म्हणाले, "पण गावात तिचं आहे कोण?"

"अण्णा, आपल्याला अभिनय हवाय."

"अभिनय तुम्ही शिकवाल की. नातेवाईक कुठनं शिकवणार?"

रश्मी झाल्या ब्यूटी पार्लरवाल्या वहिनी. तीन भिशी मंडळं, दोन्हीकडचं मोठं खटलं आणि पार्लरमध्ये रोजचा राबता. दातांच्या डॉक्टरांना काम मिळालं, कारण त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूस तिकिटाला नाही म्हणू शकत नाही. विमा एजंटाला मिळालं, कारण त्याला नाही म्हटलं तरी तो पुन्हा येतो. जतच्या मुलीला प्रॉम्प्टर केलं. एवढ्यावर न थांबता अण्णांनी नाटकाआधी लहान मुलांचं स्वागतनृत्य घुसवलं. सर कळवळून म्हणाले, "अत्र्यांच्या नाटकाआधी कोळीनृत्य कशाला?" अण्णांनी वही पुढे केली. मुलं चौदा. दर मुलामागे आई, वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा. एकूण चौऱ्याऐंशी तिकिटं. "आणि सर, एकही पोर एकदाच नाचून परत जायचं नाही. आजोळची माणसं ज्या बाजूला बसतील त्या बाजूला तोंड करून एक फेरी झाली पाहिजे."

लेखकाच्या वारसांची परवानगी, पोलिसांचा परवाना, भावे नाट्यमंदिराची तारीख, ही कामं अण्णा चिकाटीनं करतात, पण त्यांचा जीव असतो तो 'प्लॅन'मध्ये. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. तो त्यांनी जाड पुठ्ठ्यावर चिकटवला होता आणि चामड्याच्या पिशवीत मावावा म्हणून त्याची घडी पडेल तिथे वहीच्या कव्हरचं कापड लावलं होतं. पैसे आले की खुर्चीवर लाल पेन्सिलीची फुली. "घेतो" म्हणाला तर निळा ठिपका. "बघतो" म्हणाला तर नुसतं पेन्सिलीचं टोक टेकवून ठेवायचं. अशी टोकं टेकवलेली खुर्ची अण्णा रात्री कंदिलाच्या उजेडातही ओळखतील. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात टोकांचे ठिपके होतात आणि ठिपक्यांच्या फुल्या होतात. मधल्या काळात त्या माणसाला सकाळी दूध आणायला जायची सोय राहत नाही.

सर्वांत वरचं तिकीट पाचशेचं. त्याच्यावर एक रुपया नाही, कारण नाटकाच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, हे अण्णा पेठेतल्या सीएला समजावून सांगत होते. त्यांची खरी पंचाईत केली ती त्यांच्याच जुन्या खात्यानं. पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा म्हणाले, "अण्णा, तुमच्या एसटीत मला अख्ख्या राज्यात फुकट. आणि इथं चार तास बसायचे पाचशे?" त्यांच्या सूनबाई आतून म्हणाल्या, "आणि आम्हाला अर्धं तिकीट." सगळी हयात सवलतींचे नियम पाठ केलेला माणूस क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "आजोबा, सवलत प्रवासाला असते. इथं तुम्ही जागचे हलणार आहात का?" दोन लाल फुल्या.

तिकिटांनी हॉल भरतो. पैसा देते ती स्मरणिका. पान, अर्धं पान, पाव पान, आणि ज्यांना नाव छापलेलं नको पण छापलं नाही तर राग येतो अशांसाठी 'एक हितचिंतक, गणपती पेठ' ही ओळ. मलपृष्ठासाठी अण्णा हळदीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे गेले. प्लॅन धरायला मला बरोबर घेतलं होतं. शेठजींनी गाद्यागिरद्यांवर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "अण्णा, एकूण किती लागतात?"

"बहात्तर हजार."

"मी देतो सगळे. चेक आत्ता घेऊन जा. म्हातारपणी नाटक करत कशाला हिंडता?"

मी आनंदानं अण्णांकडे पाहिलं. अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. गाडी सुटायच्या वेळेला कुणी चाव्या काढून घेतल्यासारखं त्यांना झालं असावं. पिशवी त्यांनी पोटाशी धरली. मग घसा साफ करून म्हणाले, "शेठ, तुमचा मोठेपणा. पण तुम्ही दिलेत तर रॅकवर तुमच्या वडिलांचं नाव लागेल."

"लागू दे की."

"लागू दे. मग पुढच्या पुरात पुस्तकं कुणी उचलायची? लोक म्हणतील, शेठजींचा रॅक आहे, शेठजी बघतील. राजेसाहेब गेल्यावर नाटक तिकिटावर जगलं. आता परत कुठं संस्थान काढता? तुम्ही मलपृष्ठ घ्या. रंगीत."

शेठजी हसले आणि मलपृष्ठ घेतलं. रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, 72,000 सोडून आपण मलपृष्ठ घेऊन निघालोय." अण्णा चपला सरकवत म्हणाले, "वर्गणी मागायला गेलं की माणूस अर्धं दार उघडतो. तिकीट खपवायला गेलं की चहाला बसवतो. पंधरा वर्षं वाचनालयाची पायरी न चढलेल्यांना मी ह्या महिन्यात सांगून आलोय, की आपली पुस्तकं कुठल्या खोलीत आहेत. चेकनं हे सांगितलं असतं का?" आणि लगेच, "हा चहा साखरेचा होता. त्यांनी शंभर टक्के पाचशेची चार घेतली असती. तुमच्या मध्ये बोलण्यानं राहिलं."

प्रयोगाच्या दिवशी अण्णांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. दारावर उभं राहून ते तिकीट फाडत नाहीत. लाकडी पट्टी लावून कापतात, म्हणजे उरलेल्या तुकड्याची कड सरळ येते आणि रात्री गठ्ठा मोजताना बोटाला लागते. "पुढे सरका, आत जागा आहे" हे वाक्य तिसऱ्या घंटेपर्यंत अखंड चालू होतं. प्रमुख पाहुणे तिकिटाशिवायच येतात, तसे आले. अण्णांनी हात आडवा धरला. "मी प्रमुख पाहुणा आहे," पाहुणे म्हणाले. "मग पुढची रांग लागेल," अण्णा म्हणाले, "पाचशे." आतून खजिनदार धावत येईपर्यंत पाहुण्यांनी नोट काढली होती. मध्यंतरात शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांनी भाषणात हीच हकीकत सांगितली आणि तिलाच सर्वांत जोरदार टाळी पडली. प्रयोगाला आलेल्यांपैकी पास घेऊन एकही माणूस आत गेला नाही, अशी नोंद सांगलीच्या रंगभूमीच्या इतिहासात बहुधा ती एकच.

सर्वांत जोरदार असं म्हणालो, पण एक टाळी त्याहून मोठी होती. दुसऱ्या अंकात वहिनींनी ऐटीत पदर सावरला, दोन पावलं टाकली आणि पुढचं वाक्य विसरल्या. जतच्या मुलीनं विंगेतून वाक्य दिलं. वहिनींना ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा दिलं, या खेपेला ठसक्यात, स्वच्छ, जिथे थांबायचं तिथे थांबून. शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं आणि प्रेक्षागृहानं विंगेला टाळी दिली. वहिनीही कलावंत खऱ्या; त्यांनी विंगेकडे हात करून ती टाळी रीतसर पोचती केली. तिथून पुढे त्यांनी वाक्यं आठवायचे कष्टच घेतले नाहीत. रश्मीचं रूप एकीकडून आणि आवाज दुसरीकडून, असा तो अंक रंगला. सर विंगेत डोक्याला हात लावून बसले होते, पण मुलीला एका शब्दानंही थांबवत नव्हते.

अण्णा ह्यातलं काही पाहत नव्हते. त्यांना नाटक बाहेरून कळतं. मोठा हशा झाला की तिकिटांचा गठ्ठा बांधायचा, आत एकदम सामसूम झाली की वडेवाल्याला खूण करायची, कारण अंक संपायला आलेला असतो आणि वडा मध्यंतराच्या आत तळून झाला तर गार पडतो. त्या रात्री हशा भलत्या ठिकाणी झाला, तेव्हा अण्णांनी दार किलकिलं करून आत डोकावलं. मला वाटलं, शेवटी कलेनं ह्या माणसाला ओढून घेतलं. अण्णा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "सातव्या रांगेत चार खुर्च्या रिकाम्या आहेत. लाल फुलीच्या. माणसं का आली नाहीत, उद्या बघून येतो. कुणी आजारी असेल."

आठवड्यानं हिशेबाची बैठक झाली. तिकिटांचे 1,18,000, जाहिरातींचे 74,000. हॉल, प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, कपडेपट, रंगभूषा, टेम्पो, छपाई, मानधन आणि तालमीचा चहा मिळून खर्च 1,30,600. शिल्लक 61,400. पाच रॅक आले, सहावा राहिला.

खजिनदारांनी चष्मा काढला. "मी आणखी एक हिशेब केलाय," ते म्हणाले. "ह्या चोवीस जणांनी घरच्यांची तिकिटं स्वतः काढली, पेट्रोल घातलं, साड्या ड्रायक्लीनला दिल्या, तालमीला भजी आणली. माझ्या अंदाजानं कुणाचेही तीन हजारांच्या खाली गेलेले नाहीत. पहिल्या दिवशी मी तेच मागत होतो."

सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णा चौकटीला टेकून उभे होते.

"बरोबर आहे साहेब. मग तुम्ही पहिल्या दिवशी तीन हजार का दिले नाहीत?"

"मी तर प्रस्तावच मांडला होता!"

"प्रस्ताव मांडलात. दिलेत का?"

खजिनदार प्रामाणिक माणूस. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "पाचशेवर भागवलं असतं." बैठकीत जो हशा झाला तो 'लग्नाची बेडी'च्या तिन्ही अंकांत मिळून झाला नव्हता. स्वतः खजिनदारही हसले आणि तालमीच्या भज्यांचं बिल त्यांनी हिशेबातून खोडलं, कारण ते त्यांनीच भरलं होतं आणि आता परत मागायची लाज वाटत होती.

"पण सहाव्या रॅकचं काय?" कुणीतरी विचारलं. "दहा-साडेदहा हजारांचाच प्रश्न आहे. शेठजींना सांगितलं तर..."

"शेठजींना त्रास नको," अण्णा घाईघाईनं म्हणाले. पिशवीतून त्यांनी एक पावती काढली. पुढच्या वर्षीच्या तारखेचं भाडं आगाऊ भरून झालेलं होतं. भाड्याची रक्कम सहाव्या रॅकच्या किमतीपेक्षा जास्त होती, हे खजिनदारांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी पावती दोनदा वाचली आणि काही न बोलता फाइलला लावली.

बैठक मोडल्यावर अण्णांनी मला दारात अडवलं. पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. हा टप्पा ठरवण्याचा प्रकार मी ओळखून होतो, म्हणून आधीच पाकिटाला हात घातला.

"राहू दे, राहू दे," अण्णा म्हणाले. "तुम्ही ते विश्रामबागेतल्या नव्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेलात म्हणे. बिऱ्हाडं किती आहेत?"

"अठ्ठेचाळीस."

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली. पुढच्या नाटकात नायक मी आहे. मला अभिनय येतो का, हे त्यांनी विचारलं नाही. नाटक कुठलं, हे मीही अजून विचारलेलं नाही.